चुड्याचा फोटो

“फुकट म्हणजे किती फुकट?” मी फोनवर विचारलं.

“पूर्ण फुकट, सर. महिन्याला एक रुपया नाही,” पलीकडून केतन म्हणाला. केतन पुण्याच्या एका कंपनीत होता. छोट्या दुकानदारांना ऑनलाइन दुकान थाटायचं सॉफ्टवेअर विकणं हे त्याचं काम.

“आणि ते तीनशेवालं?”

“महिन्याला तीनशे. त्यात सगळं तुमच्या मनासारखं. मापाचे हवे तेवढे रकाने. फुकटमध्ये चारच रकाने मिळतील.”

फोन स्पीकरवर होता. गादीवर बसून शालनवहिनी दोरीतल्या बांगड्या डझन-डझन वेगळ्या करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “चार रकान्यांत हात बसत नाहीत. दोन-चार मापाची बांगडी एकीला सैल होते, दुसरीच्या अंगठ्याच्या बुडाशीच अडते. हाड मऊ का कडक, ते लिहायला जागा आहे का त्यात?”

केतन हसला. “मॅडम, हाडाचा रकाना जगातल्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.”

“मग तीनशेवालं घ्या, भाऊजी. आपण लिहून तरी घेऊ. नाहीतर पोस्टातून काच पाठवायची, ती हातात जायची नाही, मग शिव्या कुणाला? मला.”

मी स्पीकर बंद केला आणि बोलत बोलत रस्त्यावर आलो. तिथे केतननं मला फुकटवाल्याची एक अट सांगितली. ती काय होती ते मी पुढे सांगणार आहे. वहिनीला मात्र मी ती सांगितली नाही. आत आलो आणि म्हणालो, “फुकटवालं घेतलं.”

“कसं काय?”

“सुरुवातीला कशाला खर्च? चाललं तर पुढे बघू.”

“तुमचं दुकान,” ती म्हणाली आणि पुन्हा बांगड्यांकडे वळली.

दुकान माझ्या नावावर होतं, पण माझं नव्हतं. करमाळ्याच्या बाजारपेठेतलं पोफळे बांगडी भांडार माझ्या आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं आणि प्रभाकरदादानं चालवलं. दादा काविळीनं गेला तेव्हा वहिनी तिशीतही नव्हती. मूलबाळ नव्हतं. माहेरी जाते म्हणाली तर माझ्या आईनंच तिला थांबवलं, कारण तोवर सगळ्या तालुक्याला कळलं होतं की शालनच्या हातून बांगडी वाढत नाही. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. ती समोरच्या बाईचा हात आपल्या हातात घ्यायची, अंगठा आत दुमडायची, बोटांची हाडं एकावर एक सरकवायची आणि त्या बाईशी तिच्या सुनेबद्दल बोलत राहायची. बोलणं संपेपर्यंत डझन चढलेलं असायचं. माझ्याकडून पाचात एक वाढायची. माझी बायको लता, तिचं तर विचारूच नका.

पण लग्नाचा हिरवा चुडा विधवेच्या हातून कसा भरायचा? त्यावर गावानं तोड काढली होती. पहिली बांगडी सवाष्णीनं, म्हणजे लतानं घालायची. ती एक चढवून लता घरी भाकरी टाकायला जायची आणि उरलेला चुडा, शिवाय मांडवातल्या चाळीस बायकांचे हात, वहिनी भरत बसायची. स्वतःच्या मनगटात तिच्या नऊ वर्षं काही नव्हतं. गावाला वहिनीचा हात पाहिजे होता, वहिनी नको होती. आज मी हे असं लिहितोय. तेव्हा ही तोड मला फार शहाणपणाची वाटायची.

ऑनलाइनचं खूळ माझंच. आमच्या गावच्या मुली लग्न होऊन पुण्याला, हडपसरला, चाकणला गेल्या. त्यांच्या आया दुकानात येऊन सांगायच्या, तिकडे बांगड्या मिळतात पण शालनच्या निवडीच्या मिळत नाहीत. मी पंधरा दिवस मोबाईलला डोळे लावून सात सॉफ्टवेअरं पाहिली. एक विक्रीत वाटा मागत होतं. एकाला मराठी येत नव्हतं. एकाची वर्षाची फी आमच्या दुकानाच्या भाड्याएवढी होती. केतनचं सगळ्यांत बरं, आणि त्यातलं फुकटवालं मी घेतलं.

मग फोटोंचं आलं. मी पांढऱ्या कापडावर बांगड्या मांडून फोटो काढले. केतनला पाठवले. तो म्हणाला, “सर, हे हार्डवेअरच्या दुकानातल्या वायसरसारखं दिसतंय. बांगडी हातात दाखवा. पुण्यात हातांचे फोटो काढू देणाऱ्या मुली आहेत, चार हजार घेतात.”

चार हजार मी देणार नव्हतो. लताचे हात कपडे धुण्याच्या पावडरीनं सोललेले. दुपारची वेळ होती, चैत्राचं ऊन, बाजारपेठ झोपलेली. आम्ही शटर अर्धं ओढून बसलो होतो. मी वहिनीकडे बघितलं आणि म्हणालो, “तू घालतेस का?”

“काय?”

“चुडा. फोटोपुरता.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “भाऊजी, काय बोलताय कळतंय का?”

“चेहरा येत नाही त्यात. नुसते हात. हातांवर काय नाव लिहिलेलं असतं?”

ती उठली, आतल्या खोलीत जाऊन साबणानं हात धुऊन आली. उशीचा पांढरा अभ्रा टेबलावर अंथरला. डावा हात तिनं स्वतःच भरला. उजव्याला अडलं, कारण तिचा डावा हात तेवढा चालत नसे. तिनं उजवा हात माझ्यापुढे केला आणि मान दुसरीकडे वळवली. मी कासार आहे, मी हजार बायकांचे हात धरलेत. त्या दिवशी मात्र माझ्याकडून एकही बांगडी वाढली नाही. अकरा चढवल्या, अकराच्या अकरा.

मी सतरा फोटो काढले. हात एकावर एक, हात जोडलेले, हात पदराच्या काठावर. खरं सांगतो, मी तसा फोटो पुन्हा कधी पाहिला नाही.

“झालं. काढ आता,” मी म्हणालो.

“राहू द्या थोडा वेळ. कपाटं पुसून घेते.”

आणि अर्ध्या शटरच्या आड तिनं सगळी कपाटं पुसली. पुसलेली पुन्हा पुसली. मी मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलो होतो आणि आवाज ऐकत होतो. चार वाजता समोरच्या स्टेशनरीवाल्यानं शटर उघडलं तेव्हा तिनं एकेक बांगडी उतरवली, मोजली आणि परत दोरीत ओवली. म्हणाली, “विकायच्या आहेत.”

पहिल्या आठवड्यात तीन ऑर्डरी आल्या. दुसऱ्यात नऊ. वहिनीनं पार्सलाची स्वतःची पद्धत काढली. वखारीतून भुसा आणायचा, बांगड्यांच्या पोटात जुन्या सुती साडीची घट्ट गुंडाळी भरायची, बाहेरून वर्तमानपत्र. ऑर्डर आली की त्या बाईला फोन लावायची. “ताई, अंगठा आत घ्या. आता मुठीचा घेर दोऱ्यानं मोजा. दुखतंय का? मग हाड कडक आहे, मी मोठी पाठवते.” केतनच्या चार रकान्यांना ती हिंग लावून विचारत नव्हती. महिनाभरात एकही बांगडी वाढून परत आली नाही. मी चारचौघांत सांगत फिरायचो, आमचं ऑनलाइन आहे.

आणि मग कुंदाकाकी आल्या.

कुंदाकाकी घाडगे म्हणजे आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. त्यांच्या घरातलं लग्न म्हणजे दीडशे बायका. धाकट्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. आल्या, बाकावर बसल्या, पाणी नको म्हणाल्या आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

“हे काय रे नंदू?”

त्यावर केतनच्या कंपनीची जाहिरात होती. ‘तुमचंही दुकान उघडा, आजच, फुकट.’ आणि त्याखाली पदराच्या काठावर ठेवलेले, हिरव्या चुड्यानं भरलेले दोन हात.

“जाहिरात आहे, काकी.”

“ते मला दिसतंय. सकाळपासून आमच्या घरात पाच जणींच्या मोबाईलवर आलीय. हे हात कुणाचे?”

“असेल कुणी पुण्याची मॉडेल.”

“नंद्या,” काकी म्हणाल्या, “मी म्हातारी झाले, आंधळी नाही झाले. या हातांनी माझ्या थोरलीचा चुडा भरला, मधलीचा भरला. दर संक्रांतीला मी ह्यांच्यासमोर तासभर बसते. बांगड्या भरताना बाई बघते कुठं? भरणारीच्या तोंडाकडं? तिच्या हाताकडं बघते. मला शालनचं तोंड एक वेळ ओळखू येणार नाही. हात ओळखू येतील.”

मी सबंध जन्म बांगड्यांच्या दुकानात काढला आणि एवढी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. चेहरा नाही म्हणजे ओळख नाही, असं मी धरून चाललो होतो. तालुक्यातली प्रत्येक बाई त्या हातांपुढे बसून गेली होती.

“पुढच्या आठवड्यात माझ्या पोरीचं लग्न. हेच हात तिला चुडा भरणार होते. आणि ह्या हातांत…” काकींनी वाक्य पुरं केलं नाही. “कुणी घातला तिला हा चुडा?”

आता खरं बोलायचं तर एका वाक्याचं काम होतं. मी घातला, काकी. फोटो मी काढले, कंपनीला मी दिले. काकी चिडल्या असत्या, दीडशे बायकांची ऑर्डर गेली असती, दोन महिने बाजारपेठेत माझी टिंगल झाली असती. एवढंच. मी पुरुष होतो, दुकान माझ्या नावावर होतं, मला कुणी गादीवरून उठवणार नव्हतं.

मी म्हणालो, “मला काय माहीत, काकी? मोबाईल दिवसभर दुकानातच पडलेला असतो. मी माल आणायला सोलापूरला गेलो होतो. माझ्या माघारी तिनंच घातला असेल, फोटोही तिनंच काढले असतील. मी न बघता टाकून दिले.”

आतल्या खोलीचा पडदा हलला. वहिनी हाताला भुसा लागलेला तशीच बाहेर आली. किती ऐकलं होतं तिनं? सगळं. आतली खोली आठ फुटांची आहे.

“शालन,” काकी म्हणाल्या, “हा म्हणतो ते खरं का गं?”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. बाईचा हात हातात घेतल्यावर माप कळायला तिला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच.

“हो, काकी,” ती म्हणाली. “मला हौस वाटली.”

काकी उठल्या. वाईट त्यांनाही वाटलं होतं, मी पाहिलं ते. दाराशी थांबून मला म्हणाल्या, “चुडा भरायला लताला पाठव. सगळा तिनंच भरू दे. वाढल्या तर वाढल्या.”

त्या गेल्यावर मी वहिनीला काय म्हणालो? चुकलो म्हणालो नाही. मी म्हणालो, “थोडे दिवस आतच बस. पार्सलं बघ. गादीवर मी बसतो.”

“बरं,” ती म्हणाली.

आता ती अट. मी भर रस्त्यात उभा असताना केतननं मला फोनवर स्वच्छ मराठीत सांगितलं होतं, “सर, फुकटवाल्यांचे फोटो कंपनी स्वतःच्या जाहिरातीत कुठेही वापरते. माणसाचा फोटो टाकणार असाल तर त्याला आधी विचारा. तीनशेवाल्यात तसं नाही, तिथे तुमचे फोटो तुमचे.” म्हणजे मला कुणी फसवलं नव्हतं. कंपनीनं नाही, केतननं नाही. वहिनी उजवा हात माझ्यापुढे धरून मान वळवून बसली होती, तेव्हाही मला ती अट आठवत होती.

आणि ह्याच्याही पुढचं सांगतो. काकी गेल्या त्याच दिवशी मी केतनला फोन लावला. म्हटलं, तो फोटो जाहिरातीतून काढून टाका.

“लगेच, सर. तीनशेवालं सुरू करा, दोन दिवसांत जाहिरातीतून निघेल.” मग तो म्हणाला, “पण एक बोलू? तुमच्या दुकानावर जे लोक येतायत ते त्या जाहिरातीतूनच येतायत. फोटोवर बोट ठेवलं की थेट तुमचं दुकान उघडतं. आमच्याकडे आजवरचा सगळ्यात चाललेला फोटो आहे तो.”

मी दुकानाचं पान उघडून बघितलं. त्या एका दिवसात चौदा ऑर्डरी होत्या.

“विचार करून सांगतो,” मी म्हणालो.

विचार काही केला नाही. लग्नसराईभर आणि नंतरही तो फोटो तसाच राहू दिला. गावात विचारणाऱ्यांना सांगायचो, “कंपनी ऐकत नाही हो. मोठी कंपनी, आपलं कोण ऐकतं?” बायका दुकानात येऊन मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. “आज परत आला बाई हात. सकाळी सकाळी कुणाचं दर्शन म्हणायचं हे.” पडद्याआड वहिनी त्याच फोटोनं आणलेली पार्सलं बांधत असायची. पन्नास दिवसांत तिनं चारशेच्या वर चुडे बांधले. एकदाही मला विचारलं नाही, फोटो काढून टाकला का. मी मनाशी म्हणायचो, तिलाही त्याचं काही वाटत नसावं.

ज्येष्ठात एके सकाळी ती पिशवी भरून उभी. “परांड्याला भावाकडं जाऊन येते.”

“किती दिवस?”

“बघू.”

लता चहा ठेवते म्हणाली, तर एसटी चुकेल म्हणून ती निघून गेली.

ती गेली आणि पार्सलं फुटायला लागली. भुसा तोच, वखार तीच, वर्तमानपत्रं तीच, पण दर तिसरं पार्सल काचांचा चुरा होऊन परत. गिऱ्हाइकं फोनवर विचारायची, त्या ताई कुठं आहेत. महिनाभर मी दम धरला आणि मग परांड्याची एसटी पकडली. हे नीट समजून घ्या. मी माफी मागायला गेलो नव्हतो. पार्सलं फुटत होती म्हणून गेलो होतो.

भावाच्या घराजवळ, बाजाराच्या तोंडाशी, चिंचेखाली ती टोपली घेऊन बसली होती. समोर एक नवरी मुलगी आणि तिची आई. वहिनी मुलीचा हात धरून तिला हसवत होती. मी बाजूला उभा राहिलो. चुडा भरून झाला, मुलगी तिच्या पाया पडली, दोघी गेल्या.

“बसा, भाऊजी,” वहिनी म्हणाली. पोत्याचं टोक सरकवलं.

“इथं पहिली बांगडी कोण घालतं?” मला दुसरं काही सुचलं नाही.

“मीच.”

“चालतं लोकांना?”

“ज्यांना चालत नाही त्या येत नाहीत. बाकीच्या येतात.” तिनं टोपलीवरचं फडकं नीट केलं. “लता बरी आहे?”

“बरी आहे. वहिनी, चल घरी. दुकान तुझंच आहे.”

“पार्सलं फुटतायत?”

मी मान हलवली.

“साडीची गुंडाळी सैल होत असेल. सुती घ्या, जॉर्जेट नको.” मग ती म्हणाली, “फोटो आहे का अजून?”

“काढायला सांगितलंय. कंपनी…”

“भाऊजी. केतनचा फोन पार्सलाच्या कामासाठी मलाही यायचा. तीनशे रुपयांचं मला वैशाखातच कळलं होतं.”

एक म्हातारी येऊन दोन-आठ आहे का विचारून गेली. वहिनीनं तिला उद्या ये म्हणून सांगितलं. मी चिंचेची पानं बोटांनी चुरत होतो. मला वाटलं आता ती बोलेल, रडेल, शिव्या देईल. मी त्या सगळ्याला तयार होऊन बसलो होतो.

“हौस वाटली म्हणाले ते खोटं नव्हतं,” ती म्हणाली. “वाटलीच होती. गावासमोर मी माझं कबूल केलं. तुमचं तुम्ही करा. कुंदाकाकींना जाऊन एकदा सांगा, फोटो कुणी काढले ते. दुसऱ्या कुणाला नको, त्यांनाच. ज्या दिवशी सांगाल त्या दिवशी निरोप पाठवा. मी मिळेल त्या एसटीनं येते, गादीवर बसते, मग कुणी काही का म्हणेना.”

“सांगतो,” मी म्हणालो.

“बरं.”

तिनं मला भावाच्या घरी नेलं, जेवायला वाढलं. एसटीत बसवायला आली. गाडी सुटताना सुती साडीचं पुन्हा एकदा बजावलं.

ह्याला आता सात वर्षं झाली. पुढच्या वर्षी मी तीनशेवालं घेतलं, तेव्हा तो फोटो निघाला. त्या वर्षी चुड्याची विक्री निम्म्यावर आली. आता आम्ही धातूच्या बांगड्या पाठवतो, त्या फुटत नाहीत. वहिनीचं परांड्यात छोटं दुकान आहे. तिच्याकडे दोन मुली शिकायला असतात, असं ऐकतो. ऐकतो म्हणजे लता सांगते. लता जाऊन येते, मी जात नाही.

कुंदाकाकी दर संक्रांतीला अजून येतात. बाकावर बसतात, लतासमोर हात करतात, आणि दोन-तीन वाढल्या की म्हणतात, “शालनसारखा हात नाही बाबा कुणाचा. हौसेपायी घालवून बसली बिचारी.” लता माझ्याकडे बघते. मी काकींसाठी चहा सांगतो. पहिल्या वर्षी ठरवलं होतं, यंदा सांगायचं. दुसऱ्या वर्षीही ठरवलं होतं.

ही गोष्ट छापून आली तरी कुंदाकाकी ती वाचणार नाहीत. त्यांना वाचता येत नाही. मला ते माहीत आहे, म्हणूनच मी ती बोललो नाही, लिहिली.